दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मत देऊ नये



महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सांबऱ्यात आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी रेकॉर्ड लागते. आम्ही पाच जण होतो, आता चौघे आहोत. दोघे बँकेतून निवृत्त, एक हायस्कूलचे मास्तर, आणि एक हवाई दलातले सार्जंट. सार्जंट मूळचे केरळचे. शेवटची बदली इथल्या ट्रेनिंग स्कूलला झाली आणि ते इथेच घर बांधून राहिले. पाचवे आमच्यात सगळ्यांत मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते गेल्या श्रावणात गेले.

दिवाळीत चहा देता देता आमच्यातल्या एकाच्या सूनबाईंनी विचारलं, "बाबा, शेजारी सुळेभावी, कुमारांचं जन्मगाव. आणि तुम्ही सगळे तासतासभर भांडता ते इंग्रजी गिटारवाल्यांवरून. हे काय ओ?"

प्रश्न रास्त होता. त्या वेळी हसून वेळ मारून नेली. आता मंडळाच्या पानावर नीट उत्तर देतो. अल्बम म्हणजे काय, त्याबद्दल मत कसं बनवायचं आणि त्याचा घरच्या माणसांना काय उपयोग, एवढंच सांगायचं आहे.

ही गाणी इथवर कशी आली

बेळगावला कॅम्प आहे, सांबऱ्याला धावपट्टी आहे. १९४२ साली युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाने ती बांधली. पुढे हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी देशभरची मुलं इथे येऊ लागली. खाली घाट उतरला की गोवा. तिथले बरेच लोक जहाजावर किंवा आखातात नोकरीला. सुट्टीवर येताना कॅसेट आणि रेकॉर्ड आणायचे, त्यातलं थोडं बेळगावपर्यंत झिरपायचं. रात्री रेडिओ सिलोन लागायचा. कोलकात्याहून निघणारं 'ज्युनियर स्टेट्समन' हे साप्ताहिक हाती लागलं तर त्यातली बँडची चित्रं कापून वहीत चिकटवायची. शिवाय एचएमव्हीच्या डमडमच्या कारखान्यात विलायती गाण्यांच्या तबकड्या निघत, त्या शहरातल्या दुकानात येत. बी. कॉम.ला असताना एक एलपी विकत घ्यायची म्हणजे वर्गणी काढावी लागे. नोकरी लागल्यावरही पहिली काही वर्षं वर्गणीच.

आणि हे संगीत आपण समजतो तितकं परकंही नाही. पुण्याच्या रस्त्याने जाताना वाईच्या वर पाचगणी लागते. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आला आणि आपल्या वादकांना घेऊन त्याने 'वंडरवॉल म्युझिक'चा बराचसा भाग ध्वनिमुद्रित केला. लेड झेपेलिनच्या पेज आणि प्लांट यांनी १९७२ साली मुंबईच्या वादकांबरोबर स्वतःची दोन गाणी पुन्हा वाजवून पाहिली.

अल्बम म्हणजे काय

जुनी ७८ ची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजे. लांब रचना असली की चार-सहा तबकड्या लागत. त्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड वहीत घालून विकत, म्हणून अल्बम हा शब्द. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी १२ इंची एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. सुरुवातीला लोक त्यात सुटी गाणीच भरत. मग काहींच्या लक्षात आलं की दोन्ही बाजू मिळून एक सलग गोष्ट सांगता येते. बीटल्सचा १९६७ चा 'सार्जंट पेपर' हा त्यातला सर्वांत गाजलेला.

आपल्याला ही कल्पना नवी वाटायला नको. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक अशी लागली. त्यातलं एक गाणं ऐकून कुणी गीतरामायणावर मत दिलं तर आपण त्याला खाली बसवू. कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे एकेका ऋतूवर बेतलेले कार्यक्रम केले, तेही त्याच जातीचे.

'सार्जंट पेपर'च्याच साली एचएमव्हीने 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहीर भैरवापासून सुरू होतो, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. निर्मिती आपल्या जी. एन. जोशींची, म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच. आमच्या मंडळींत या एका रेकॉर्डवर कधी भांडण झालेलं नाही. बाकी सगळ्यांवर झालं आहे.

मत कसं बनवायचं

इतक्या वर्षांच्या भांडणांतून आमचे तीन नियम ठरले आहेत.

पहिला नियम, दोन्ही बाजू ऐकायच्या. गाजलेलं एक गाणं ऐकून बोलायचं नाही. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही १९७३ ची रेकॉर्ड घ्या. पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई शब्दांशिवाय गाते, जवळजवळ आक्रोश करते. बाजू संपते. उठायचं, तबकडी उलटायची, सुई ठेवायची. मग नाण्यांचा आणि गल्ल्याचा खणखणाट होऊन पैशावरचं गाणं सुरू होतं. सार्जंट म्हणतात, "ते मधलं उठणं पण गाण्यातच धरायचं की ओ. मरणानंतर माणूस घटकाभर गप्प बसतो, मग हिशेबाला लागतो." मास्तरांना हे मान्य नाही. "ती प्लास्टिकची अडचण होती. जमलं असतं तर त्यांनी सलगच केलं असतं." हा वाद गेली बारा वर्षं चालू आहे. पण दोघांनीही रेकॉर्ड पूर्ण ऐकली आहे, म्हणून दोघांचंही मत आम्ही मत म्हणून धरतो.

दुसरा नियम, 'छान' म्हणून थांबायचं नाही, हाताने काय केलं ते सांगायचं. डीप पर्पलच्या 'मशीन हेड'मधलं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या. रिची ब्लॅकमोर चारच स्वरांची ओळ वाजवतो, पण एका वेळी दोन तारा छेडून, म्हणून ती जाडजूड वाटते. गिटार शिकणारं पोर आधी तेच वाजवतं. गाण्यातली हकीकत खरी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये माँट्रो इथे ते ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करणार होते, तो आदल्या कार्यक्रमात जळाला आणि धूर तळ्यावर पसरला. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर पट्टी न वापरता बोटांनी तार छेडतो, त्यामुळे त्याची गिटार बोलल्यासारखी वाटते. ब्रिजभूषण काबरांनी गिटार आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवली, कारण पडद्यांवर बोट ठेवून आपली मींड तशी येत नाही.

याच नियमावरून आमचं सर्वांत मोठं भांडण झालं. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' या गाण्याच्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी दोन मिनिटं एकमेकींना उत्तरं देतात. मास्तर म्हणाले, "हे सगळं बांधलेलं. आपल्याकडे प्रत्येक बैठकीत नवा आलाप होतो. हे पाठांतर झालं." ते बांधलेलं आहे हे खरंच. फेल्डरनेच सांगितलं आहे की स्टुडिओत तो नवीन काही वाजवू लागला तेव्हा डॉन हेन्लीने थांबवलं आणि नमुन्याच्या टेपमध्ये होतं तसंच हवं म्हणून सांगितलं. टेप घरी राहिली होती. मग घरी फोन करून ती फोनवरून वाजवून घेतली आणि त्याने स्वतःचंच वादन पुन्हा शिकून वाजवलं. अण्णांचं म्हणणं असं की बांधलेली बंदिशही चांगली-वाईट असतेच. तिला आलापाचं माप लावू नका, बंदिशीचं लावा. मास्तर त्या दिवशी चहा न घेता गेले. पुढच्या महिन्यात आले, तेव्हा कुंदा घेऊन आले.

तिसरा नियम, मतावर तारीख घालायची. हा अण्णांचा. बँकेत तारखेशिवाय नोंद होत नाही, तशी मताचीही होऊ नये. विसाव्या वर्षीचं मत आणि साठाव्या वर्षीचं मत ही दोन वेगळी मतं. दोन्ही खरी असू शकतात. अण्णा हे म्हणत, आम्ही मान डोलवत असू. ते स्वतः हे लिहून ठेवत होते, हे आम्हाला माहीत नव्हतं.

अण्णांच्या रेकॉर्ड

दसऱ्याला त्यांचा मुलगा पुण्याहून आला. घर भाड्याने द्यायचं होतं. माळ्यावर दोन पेट्या, साठेक रेकॉर्ड. शहरातला एक जण सरसकट घ्यायला तयार होता. मुलाने आम्हाला बोलावलं. "काका, यातल्या ठेवण्यासारख्या कुठल्या तेवढ्या सांगा. बाकीच्या देऊन टाकतो. मला यातलं काही कळत नाही."

इतकी वर्षं हौसेने मतं दिली, आता त्यांना किंमत आली. जे आम्ही बाजूला ठेवू ते राहणार, बाकी जाणार. आम्ही चौघांनी वेगवेगळ्या याद्या केल्या. जुळल्या नाहीत. शेवटी चांगली अवस्था आणि मोठं नाव असा व्यवहारी हिशेब लावून दोन ढीग केले. 'हॉटेल कॅलिफोर्निया' द्यायच्या ढिगात गेली. तबकडीवर ओरखडे होते आणि आता ती कुठेही ऐकायला मिळते.

ढीग उचलताना तिचं आतलं कागदी पाकीट निसटलं. त्यावर पेन्सिलीने तीन ओळी होत्या. १९७९, पहिलं गाणं फार छान, बाकी भरती. १९९४, दुसरी बाजू आज नीट ऐकली, शेवटचं गाणं मोठं आहे. २०१७, शेवटचं गाणं आपल्या रस्त्याचं वाटलं, मत बदललं.

ते शेवटचं गाणं म्हणजे 'द लास्ट रिसॉर्ट'. सात मिनिटांहून लांब. चांगली जागा शोधत माणसं पश्चिमेकडे सरकत जातात, तिथे वस्ती करतात आणि ज्यासाठी आले तेच संपवतात, असा त्याचा आशय आहे. आपल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातशेती होती तेव्हापासून अण्णा त्या वाटेने सायकलवर जात. नंतर तिथे प्लॉट पडले. ते याबद्दल आमच्याशी कधी बोलले नव्हते.

मग आम्ही सगळी पाकिटं पाहिली. तेवीस रेकॉर्डवर अशा नोंदी निघाल्या. एकीवर मुलाच्या बारशाची तारीख होती आणि पुढे एवढंच, 'आवाज बारीक ठेवून ऐकली.' मुलगा बराच वेळ ती हातात धरून बसला. त्या तेवीस दिल्या नाहीत. सहा तो पुण्याला घेऊन गेला, सतरा आमच्याकडे आहेत. उरलेल्या गेल्या. त्यांत आमच्या यादीतल्या दोन-तीन नामांकित होत्या. त्याची चुटपुट आहे, पण निर्णय चुकला असं वाटत नाही.

तुमच्या माळ्यावर असतील तर

आपल्याकडचा पाऊस रेकॉर्डला वाईट. म्हणून थोडी काळजी सांगतो.

रेकॉर्ड पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात. भिंतीला टेकवून आणि जमिनीवर ठेवू नयेत, ओल चढते. ऊन नको. बुरशी आली असेल तर मऊ कापड डिस्टिल्ड पाण्यात किंचित भिजवून चरांच्या दिशेने गोल पुसावं, आडवं घासू नये. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नये. झिजलेल्या सुईने वाजवू नये, ती चर खरवडते. कॅसेट वर्षातून एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवावी, स्पीकरजवळ ठेवू नये. आणि टाकून देण्याआधी प्रत्येक पाकिटाच्या आत बघावं.

सूनबाईंना उत्तर असं, की आम्ही इंग्रजी गाण्यांवरून भांडत नाही, पूर्ण ऐकण्यावरून भांडतो. कुमारजींचं असो की काबरांचं, नियम तेच. पुढच्या बैठकीला त्यांनी आपली 'गारवा'ची कॅसेट आणायचं कबूल केलं आहे. मिलिंद इंगळेंची गाणी, सौमित्रांच्या ओळी, त्यात गिटारही आहे. मास्तरांना ते आवडणार नाही असं ते आत्ताच म्हणताहेत. दोन्ही बाजू झाल्याशिवाय त्यांना बोलू द्यायचं नाही, असं ठरलं आहे.

ज्यांना यायचं असेल त्यांनी जरूर यावं. येताना एक रेकॉर्ड किंवा कॅसेट आणावी, आणि एक पेन्सिल.