कुडाच्या भिंतीच्या पोटात

नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला, बापूकुटीची भिंत एकदा अगदी जवळून पाहा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली झाडं आणि चरखा आधी नजरेत भरतात. पण खरं नवल त्या मातीच्या आत आहे. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले, तेव्हाची ही घरं आसपास मिळणाऱ्या सामानाची : माती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. इतके पावसाळे अंगावर घेऊन ती आजही उभी आहेत.

त्याच घराण्यातली भिंत म्हणजे आपल्या खेड्यांतला कूड. खांबांच्या मधे तुराट्या, पऱ्हाट्या नाहीतर बांबूच्या कमच्या आडव्याउभ्या बांधायच्या आणि वरून गारा थापायचा. थापणाऱ्याचा तळवा जोरात दाबला की चिखल फटींतून पलीकडे निघतो, तिथे फुगतो आणि तसाच वाळतो. कुर्त्याची गुंडी काजातून गेल्यावर जशी परत येत नाही, तशी ही मातीची गाठ परत येत नाही. सगळा लेप अशा शेकडो गाठींवर लटकलेला असतो! युरोपातल्या जुन्या घरांत लाकडी पट्ट्यांवर, जनावरांचे केस मिसळलेला चुना थापत. तिथेही हीच युक्ती. आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुडाच्या घरांचे अवशेष मिळाले.

गाऱ्याचीही करामत थोडी नाही. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. नुसती थापली तर भेगाळणारच. म्हणून पांढरी माती घेतात, त्यात शेण आणि कुटार घालून भिजत ठेवतात, तुडवतात. माती आकसताना तो ताण कुटाराच्या काड्या वाटून घेतात. एका मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक रेघा पडतात, आणि त्या सारवणात बुजतात.

डागडुजी सुरू होते कानानं. बोटाच्या पेरानं भिंत ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे आतल्या गाठी तुटल्या आहेत. तेवढाच पोपडा काढायचा. उदईनं खाल्लेल्या तुराट्या बदलायच्या. मग जुन्या मातीच्या कडा पाण्यानं ओल्या करायच्या, कारण कोरडी भिंत नव्या गाऱ्यातलं पाणी शोषून घेते आणि सांधा सुटतो. आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही : पडलेली माती फेकायची नसते. ती भाजलेली नाही, नुसती वाळलेली आहे. भिजवली, तुडवली की तोच पोपडा पुन्हा गारा होतो. आजोबांनी थापलेली माती नातू त्याच भिंतीवर थापू शकतो.

हे सगळं एका सिमेंटच्या थरानं वाया जातं. माती ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट आलं की आत शिरलेल्या ओलीला बाहेरची वाट राहत नाही. तुराट्या आतल्या आत कुजतात, आणि कडक थर एक दिवस पत्र्यासारखा सुटून येतो.

तेव्हा घरात कुडाची भिंत उरली असेल, तर सिमेंटचं पोतं आणू नका. मे महिन्यातही हात घालू नका. त्या उन्हात वरचा थर आधी वाळून तडकतो. तुरी निघाल्या की काम काढा. तुराट्या ताज्या असतात, कुटार घरचंच असतं, आणि ऊन बेताचं असतं.