घरच्या मैदानावरचा विजय सुखाचा, मग बाहेरचा विजय चाहते आयुष्यभर का मिरवतात?

फुटबॉलमध्ये मॅच जिंकली की तीन पॉइंट मिळतात. घरी जिंका नाहीतर दुसऱ्याच्या गावात जाऊन जिंका, पॉइंट तेवढेच. पण कुठल्याही क्लबच्या जुन्या चाहत्याला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच विचारून बघा. बऱ्याचदा तो घरच्या मैदानावरची मॅच सांगत नाही. तो सांगतो लांबच्या गावची, जिथं पोचायला पाच तास लागले होते आणि जिथं त्याच्या बाजूने ओरडणारी माणसं मूठभर होती.

क्रिकेटवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जानेवारी २०२१ मध्ये अजिंक्य रहाणेच्या टीमने ब्रिस्बेनच्या गाबावर ३२८ रन्स चेस केल्या. तिथं ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही टेस्ट हरली नव्हती. तोच विजय वानखेडेवर मिळाला असता तर लोक खूश झाले असते, पण आजपर्यंत त्याच्या रील्स फिरल्या नसत्या.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये अशा विजयांचा बाप म्हणता येईल अशी एक मॅच आहे. तारीख २६ मे १९८९, ठिकाण लिव्हरपूलचं ॲनफिल्ड, पाहुणी टीम लंडनची आर्सेनल. या मॅचचा शेवटचा गोल बहुतेकांनी बघितलेला असतो. पण ती मॅच आर्सेनलच्या चाहत्याच्या नजरेतून बघितली तर बाहेरच्या विजयाचं गणित नीट कळतं.

आधी हा बाहेरगावी जाणारा चाहता कोण असतो ते बघू. इंग्लंडमध्ये त्याला 'अवे फॅन' म्हणतात. स्टेडियमचा एक कोपरा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला असतो. आज प्रीमियर लीगचा नियम असा आहे की पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं द्यायची, आणि स्टेडियम लहान असेल तर एकूण जागांच्या १० टक्के. म्हणजे चाळीस-पन्नास हजारांच्या गर्दीत आपली माणसं तीन हजार. दोन बाजूंना पोलीस आणि स्टुअर्ड, पलीकडे यजमानांचे चाहते. हरलात तर आजूबाजूचं अख्खं गाव तुमच्यावर हसणार आणि त्या हसण्यातून वाट काढत तुम्ही स्टेशन गाठणार.

त्यात बाहेर जिंकणं मुळातच अवघड. प्रवासाचा थकवा आणि अनोळखी मैदान ही कारणं आहेतच, पण मोठा वाटा गर्दीचा असतो. २००२ मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी ४० रेफरींना एका मॅचमधले टॅकल व्हिडिओवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या रेफरींनी यजमान टीमविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. योगायोग म्हणजे तो व्हिडिओ लिव्हरपूल आणि लेस्टर सिटीच्या मॅचचा होता. थोडक्यात, गर्दी फक्त खेळाडूंवर नाही, शिट्टीवालीवरही ओरडत असते आणि ती शिट्टी नकळत ऐकते.

कोरोनाने याचा जिवंत पुरावाच दिला. २०२०-२१ च्या सीझनमध्ये इंग्लंडची स्टेडियम जवळपास रिकामी होती. त्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये यजमान १४४ मॅच जिंकले आणि पाहुणे १५३. पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त, असं इंग्लंडच्या टॉप लीगमध्ये पहिल्यांदाच घडलं. प्रेक्षक गेले आणि घरचं मैदान नुसतंच मैदान उरलं.

आता १९८९ कडे येऊ.

त्या सीझनला लीगमध्ये २० टीम होत्या आणि प्रत्येकीच्या ३८ मॅच. ३७ मॅच झाल्यावर लिव्हरपूलचे ७६ पॉइंट होते, आर्सेनलचे ७३. उरलेली एकच मॅच, तीही या दोघांचीच. आर्सेनल जिंकली तर पॉइंट बरोबरीत. मग बघायचा गोल फरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून जे उरतं ते. लिव्हरपूलचा गोल फरक होता ३९, आर्सेनलचा ३५.

आर्सेनल १-० ने जिंकली असती तर फरक झाला असता ३८ विरुद्ध ३६, म्हणजे कप लिव्हरपूलचा. २-० ने जिंकली तर दोघांचा ३७. तिथंही बरोबरी, मग कोणी जास्त गोल केले ते बघायचं. त्यात आर्सेनल पुढे होती. म्हणजे चाहत्याला नुसता विजय पुरणार नव्हता, दोन गोलांचा विजय हवा होता. आणि कुठे? तर ॲनफिल्डवर, जिथं आर्सेनल १५ वर्षांत एकदाही जिंकली नव्हती. लिव्हरपूल १ जानेवारीनंतर एकही मॅच हरलेली नव्हती आणि सहा दिवसांपूर्वीच त्यांनी एफए कप उचलला होता. आर्सेनलने मात्र घरच्या शेवटच्या दोन मॅचमध्ये घाण केली होती. डर्बीकडून हरली, विम्बल्डनशी बरोबरी. पेपरवाल्यांनी तर त्यांना निकालात काढलंच होतं.

पण एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली होती. आर्सेनल त्या सीझनला घरापेक्षा बाहेर जास्त चांगली खेळत होती. घरच्या हायबरीवर १० विजय, तर बाहेर ॲनफिल्डच्या आधीच ११. ज्या चाहत्याने गावोगाव जाऊन हे ११ विजय डोळ्यांनी बघितले होते, त्याला आशा वाटणं हा काही वेडेपणा नव्हता.

ही मॅच मुळात एप्रिलमध्ये होणार होती. ती पुढे गेली त्यामागचं कारण फार वाईट होतं. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची एफए कप सेमीफायनल होती. लिव्हरपूलहून आलेल्या चाहत्यांच्या स्टँडमध्ये प्रमाणाबाहेर गर्दी कोंबली गेली. पुढे लोखंडी जाळी, मागून लोंढा. चिरडून आणि गुदमरून माणसं गेली, मृतांचा आकडा पुढे ९७ वर पोचला. सुरुवातीला खापर चाहत्यांवरच फोडलं गेलं. त्यांची चूक नव्हती आणि हे मृत्यू बेकायदेशीर होते, असं ज्युरीने सांगायला २०१६ साल उजाडलं.

म्हणून ॲनफिल्डला निघालेल्या आर्सेनलच्या चाहत्याच्या मनात त्या शुक्रवारी नुसता कप नव्हता. सहा आठवड्यांपूर्वी त्याच्यासारखीच माणसं बाहेरगावी मॅच बघायला गेली होती आणि परत आली नव्हती. त्या काळात सरकारच्या लेखी फुटबॉलचा चाहता म्हणजे गुंडच होता. मार्गारेट थॅचर यांचं सरकार चाहत्यांना ओळखपत्र सक्तीचं करायच्या तयारीत होतं.

लंडन ते लिव्हरपूल अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. शुक्रवारची संध्याकाळ, त्यात मॅच टीव्हीवर लाइव्ह. तरी लोक कामावरून अर्धी सुट्टी टाकून निघाले आणि हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. इतके अडकले की त्यांच्यासाठी मॅच दहाएक मिनिटं उशिरा सुरू करावी लागली. टीमचं नियोजनही थोडं उलटंच होतं. मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमने खेळाडूंना आदल्या दिवशी नेलंच नाही, मॅचच्या दिवशीच बसने नेलं.

आर्सेनलचे खेळाडू मैदानात आले ते हातात फुलांचे गुच्छ घेऊन. ते मैदानाच्या चारही बाजूंना गेले आणि गुच्छ लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना दिले. जिथं एरवी पाहुण्यांचं स्वागत शिव्यांनी होतं, तिथं टाळ्या पडल्या.

मग मॅच सुरू झाली.

ग्रॅहमने डिफेन्समध्ये एक माणूस वाढवून पाच जण लावले होते. दोन गोल हवेत आणि हा डिफेन्स वाढवतोय, हे बघून डोक्याला हात लावणारे बरेच होते. पण त्याचा हिशोब वेगळा होता. हाफटाइमपर्यंत गोल खायचा नाही, पुढचं पुढे. हाफटाइमला स्कोअर ०-० होता.

५२ व्या मिनिटाला आर्सेनलला इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. यात मारलेला बॉल कोणालाही न लागता थेट जाळ्यात गेला तर गोल धरत नाहीत. नायजेल विंटरबर्नने बॉल आत टाकला, ॲलन स्मिथने डोकं लावलं आणि बॉल जाळ्यात. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी रेफरीला घेरलं. त्यांचं म्हणणं, स्मिथचा स्पर्शच झाला नाही. रेफरी लाइन्समनकडे चालत गेला. व्हीएआर वगैरे काही नव्हतं, दोन माणसं एकमेकांशी बोलत होती आणि चाळीस हजार लोक गोल नाकारा म्हणून ओरडत होते. वर सांगितलेला तो शिट्टी आणि आवाजाचा प्रयोग आठवा. या रेफरीने त्या आवाजात गोल दिला.

आता लिव्हरपूलची गोची झाली. एका गोलाने हरले तरी कप त्यांचाच होता. अशा वेळी टीमला कळेनासं होतं की पुढे जाऊन गोल करावा की मागे बसून वेळ काढावा. लिव्हरपूल दोन्हीच्या मध्ये अडकली. पण पाहुण्या कोपऱ्यातल्या चाहत्याची अवस्था त्याहून वाईट होती. त्याची टीम जिंकत होती आणि तरीही हरत होती. फुटबॉलमध्ये एवढा विचित्र अर्धा तास क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो. शेवटची पंधराएक मिनिटं उरली असताना मायकल थॉमसला मोकळी संधी मिळाली आणि त्याने बॉल सरळ गोलकीपर ब्रूस ग्रॉबेलारच्या हातात दिला. झालं, संपलं, असं वाटायला तेवढं पुरेसं होतं.

९० मिनिटं होत आली. आर्सेनलचा केव्हिन रिचर्डसन पायात गोळा येऊन पडला. लिव्हरपूलचा स्टीव्ह मॅकमहोन एक बोट वर करून सहकाऱ्यांना सांगत होता, एकच मिनिट उरलंय. हा क्षण कॅमेऱ्यात आहे आणि मॅकमहोनला तो आयुष्यभर पुरला.

इथं लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सकडे बॉल आला. शहाणपणा हा की बॉल कॉर्नरच्या झेंड्यापाशी न्यायचा आणि अंगाने झाकून वेळ घालवायचा. बार्न्स रिचर्डसनला चकवायला गेला. ज्याच्या पायात मघाशी गोळा आला होता त्याच रिचर्डसनने बॉल काढून घेतला आणि मागे गोलकीपर जॉन लुकिककडे दिला. लुकिकने हाताने ली डिक्सनकडे फेकला. डिक्सनने लांब मारला, स्मिथने एका टचमध्ये पुढे सरकवला आणि थॉमस धावत सुटला. बॉल स्टीव्ह निकोलच्या अंगाला लागून परत थॉमसच्याच वाटेत पडला. समोर ग्रॉबेलार. थॉमस थांबला. खरंच थांबला, मागून डिफेंडर पोचतायत हे दिसत असताना. ग्रॉबेलार खाली झुकला आणि थॉमसने बॉल त्याच्यावरून अलगद जाळ्यात टाकला.

स्टेडियममध्ये ४१,७८३ लोक होते. त्यातले बहुतेक एका क्षणात गप्प झाले. आवाज होता तो फक्त एका कोपऱ्यातून. बाहेरच्या विजयाची सगळी नशा या शांततेत आहे. घरच्या मैदानावर गोल झाला की तुमचा आवाज हजारोंच्या आवाजात विरघळून जातो. बाहेर मात्र तो स्पष्ट ऐकू येतो, कारण बाकी कोणी बोलतच नसतं.

पण त्या रात्रीची गंमत अशी की ही शांतता टिकली नाही. आर्सेनलचे खेळाडू कप उंचावत असताना लिव्हरपूलचे हजारो चाहते थांबून राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा आठवड्यांत त्यांनी जे पाहिलं होतं, त्यानंतर फुटबॉलची मॅच हरणं कुठल्या मापाने मोजायचं हे त्यांना इतरांपेक्षा चांगलं कळत असावं. बाहेरगावी जिंकल्यावर यजमानांना चिडवणं हा अवे फॅनचा जन्मसिद्ध हक्क समजला जातो. त्या रात्री तो हक्क वापरण्याची गरज कमी जणांना वाटली असेल.

आर्सेनल १८ वर्षांनी चॅम्पियन झाली, पण तिला युरोपियन कप खेळता आला नाही. १९८५ च्या हेझेल दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी होती. हिल्सबरोच्या चौकशीचा टेलर अहवाल १९९० मध्ये आला. ओळखपत्राची योजना बारगळली, मोठ्या स्टेडियममधल्या लोखंडी जाळ्या गेल्या आणि उभं राहून बघायच्या जागी खुर्च्या आल्या. चाहता सुरक्षित झाला, पण तिकीटही महाग होत गेलं. शेवटी चाहत्यांनी आंदोलन केलं तेव्हा २०१६ पासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आली.

निक हॉर्नबी नावाच्या आर्सेनलवेड्या लेखकाने १९९२ मध्ये 'फीवर पिच' हे पुस्तक लिहिलं, त्यात ही मॅच महत्त्वाची आहे. स्वतः हॉर्नबीने ती टीव्हीवर पाहिली होती.

आणि ज्या मायकल थॉमसने लिव्हरपूलच्या घरात घुसून त्यांचा कप पळवला, त्याला डिसेंबर १९९१ मध्ये लिव्हरपूलनेच विकत घेतलं. पुढच्याच मे महिन्यात एफए कपच्या फायनलमध्ये त्याने लिव्हरपूलसाठी गोलही मारला.