ऐ मेरे वतन के लोगो (वाद्यरूप)

‘ऐ मेरे वतन के लोगो’ या हिंदी देशभक्तिगीताची चाल शब्दांवाचून, केवळ वाद्यांवरही वाजवली जाते. १९६२ च्या भारत-चीन युद्धात धारातीर्थी पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ हे गीत कवी प्रदीप यांनी लिहिले. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर) यांनी त्यास चाल दिली आणि लता मंगेशकर यांनी ते २७ जानेवारी १९६३ रोजी नवी दिल्ली येथे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत गायिले.

== भावपरिणाम ==
युद्धकाळातील बहुतेक गीते वीरश्रीची असतात व त्यांची चाल संचलनाच्या ठेक्यावर बांधलेली असते. हे गीत पराभवानंतरचे, म्हणजे वस्तुतः विलापिका आहे. त्याचा आरंभ तालाविना, संथ आलापीसारखा होतो. पुढेही लय फारशी चढत नाही. त्यामुळे शब्द वगळले तरी शोकभाव चालीतच उरतो. गायिकेच्या गळ्यातील मींड पितळी वाद्यांवर उतरवणे कठीण असते. सूर तेथे काहीसे सुटे, कोरडे ऐकू येतात. तथापि हा संयम विषयास शोभतो. ज्यांना गीत पाठ आहे, ते श्रोते मनातल्या मनात शब्द पुरवतात आणि ऐकता ऐकता स्वतःच गाऊ लागतात.

वाद्यरूपात एक गोष्ट मात्र हरवते. देश सण साजरे करीत असताना सैनिक सीमेवर प्राण देत होते, हा कडव्यांतील सल केवळ सुरांतून कळत नाही. शब्द ठाऊक नसलेल्या तरुण श्रोत्यापर्यंत हळहळ पोहोचते. त्यामागील बोचणी पोहोचत नाही.

== बीटिंग रिट्रीट ==
नवी दिल्लीतील विजय चौकात २९ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात सैन्यदलांच्या बँडने ही धून वाजवली. महात्मा गांधींना प्रिय असलेल्या ‘अबाइड विथ मी’ या ख्रिस्ती प्रार्थनागीताची धून त्या वर्षी वगळण्यात आल्याने या बदलावर बरीच चर्चा झाली. वगळलेली धूनही तेथे शब्दांवाचूनच वाजत असे. मूळ प्रार्थना ठाऊक नसलेल्यांनाही ती सूर्यास्ताच्या वेळची शांत धून म्हणून परिचित होती.