दारूचं दुकान नको? मग मतदानाला न येणाऱ्यांचा हिशेब आधी करा

भिवंडी : गावात दारूचं दुकान येणार अशी कुणकुण लागली की ग्रामसभा तापते. बायका निवेदन घेऊन तहसीलला जातात, फोटो निघतो, ग्रुपवर फिरतो. दुकान मात्र जागेवरच राहतं. राग खरा असतो, पण नियमाचा हिशेब माहीत नसतो. तो हिशेब असा आहे.

दुकान येतं कसं?

आपल्याकडचा कायदाच मुळात दारूबंदीचा, १९४९ सालचा. परवाना म्हणजे त्यातून दिलेली सूट. देशी दारूचं दुकान आणि वाईन शॉप यांचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून सरकारने दिलेले नाहीत. त्यामुळे असं दुकान गावात नव्याने दिसलं, तर बहुधा ते दुसरीकडून स्थलांतर होऊन आलेलं असतं. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात गोदामं वाढली, हजारो कामगार आले. जिथे गिऱ्हाईक, तिथे दुकान येणारच. बीअर शॉपी आणि परमिट रूम यांना मात्र नवे परवाने मिळतात.

परवाना मिळण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभाग जागेची चौकशी करतो. शाळा आणि देवस्थान यांच्यापासूनचं अंतर मोजतो. हरकत घ्यायची ती याच वेळी. लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क अधीक्षक, ठाणे यांच्याकडे द्या आणि पोच घ्या. शटर उघडल्यावर काम दहापट अवघड होतं.

चालू दुकान बंद कसं होतं?

त्यासाठी २००८ चा शासन आदेश आहे. लोक त्याला 'आडवी बाटली, उभी बाटली' म्हणतात. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, म्हणून सही करणारीने ओळखपत्र घेऊन हजर राहावं लागतं. अर्ज खरा ठरला की गुप्त मतदान होतं. दुकान बंद हवं तर आडवी बाटली, चालू हवं तर उभी.

आता खरी गोम. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही.

समजा, गावात १,२०० महिला मतदार आहेत आणि मतदान महिलांचं आहे. अर्जाला ३०० सह्या लागतील. दुकान बंद व्हायला ६०१ मतं लागतील. मतदानाला ९०० जणी आल्या, ५८० आडवीला आणि ३२० उभीला गेल्या, तरी दुकान चालूच राहणार. ज्या ३०० जणी आल्या नाहीत, त्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला पडल्यासारखं झालं.

आधी यादी बघा

म्हणून अर्जाआधी मतदार यादी घेऊन बसा. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली, गाव सोडून गेलेली कुटुंबं, वारलेली माणसं यांची नावं यादीत राहिली, तर ती सगळी आडव्या बाटलीच्या विरोधातच मोजली जातात. नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म बीएलओकडे देता येतो. गोदामात कामाला जाणाऱ्या बायका सकाळीच घर सोडतात. मतदानाच्या दिवशी त्यांनी यायचं कसं, एक दिवसाची मजुरी बुडणार त्याचं काय, हे आधीच ठरवा. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात बायकांनी याच वाटेने दुकानं बंद केली, ती घरोघर फिरूनच.

आदिवासी पट्ट्यात जादा अधिकार

भिवंडी तालुक्यातली ७२ गावं १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. दारूच्या विक्रीवर बंदी घालण्याचा, तिला आळा घालण्याचा अधिकार हा कायदा ग्रामसभा आणि पंचायतीला देतो. या गावांनी हरकतीच्या अर्जात पेसाचा उल्लेख जरूर करावा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडावी.

बंद झाल्यावर काय?

दुकान हवं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. परवान्याची दारू बंद झाली की पिणारा हातभट्टीकडे वळतो, असं ते म्हणतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, हे विसरता येत नाही. म्हणून मतदान जिंकलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. चोरून विक्री दिसली तर ११२ वर कळवा, लेखी तक्रारही द्या. व्यसन लागलेल्या माणसाला घरात कोंडून दारू सुटत नाही, त्याला दवाखान्यात न्यावं लागतं.

दुकान हवं की नको, हे गावानेच ठरवायचं आहे. फक्त त्या दिवशी घरी बसून राहणं म्हणजेसुद्धा एक मत आहे, आणि ते कुठल्या बाटलीला जातं ते वर सांगितलंच आहे.