ताप उतरल्यानंतर

ताप उतरला कीं आजार संपला, अशी आपल्या घरांतून एक पक्की समजूत असते. रोग्यानें मऊ भात मागून घेतला कीं वडील मंडळी निश्चिंत होतात. आणि रोगी घरची सून असेल तर दुसऱ्याच दिवशीं पोळपाट-लाटणें पुन्हां तिच्या हातीं येतें. या समजुतीपायीं आमच्याच घरीं काय ओढवलें तें आधीं सांगतों.

आम्ही मुलुंडास राहतों. मागें एका पावसाळ्यांत आमच्या धाकट्या सूनबाईंस डेंग्यू झाला. पांचव्या दिवशीं ताप गेला, आठव्या दिवशीं त्या कचेरीस निघाल्या. स्टेशनचा जिना चढतांना त्यांस धाप लागली, डोळ्यांपुढें अंधारी आली, आणि त्या मधल्याच पायरीवर बसल्या. आम्हीं ती अशक्तता मानली व लिंबाचें सरबत दिलें. रात्रीं नाडी मोजली तों ती मिनिटास अवघी ४४! मग धांवपळ झाली. कार्डिओग्राम, ट्रोपोनिन नांवाची रक्ततपासणी आणि इको यांवरून हृदयाच्या स्नायूस सूज असल्याचें ठरलें. प्लेटलेटचा रोजचा आंकडा आमच्या सबंध इमारतीस पाठ होता. नाडीची चौकशी मात्र कोणीं केली नव्हती. ही चूक सर्वस्वीं आमची.

डेंग्यूनंतर कांहीं दिवस नाडी मंद राहणें हें पुष्कळदां दिसतें, व बहुधा तें आपोआप सुधारतें. परंतु क्वचित् हृदयाचा स्नायुच आजारी पडलेला असतो. हें घडतें दोन मार्गांनीं. एक तर विषाणु स्नायूंच्या पेशींतच शिरतो. अथवा त्याच्याशीं लढण्यास निघालेली शरीराची संरक्षक फौज आवेशाच्या भरांत आपल्याच पेशींवर हत्यार चालविते. म्हणूनच कित्येकदां ताप गेल्यावर, सर्व कांहीं शांत दिसत असतां, लक्षणें सुरू होतात. या बाबतींत सर्वांत बदनाम विषाणु कॉक्सॅकी. अमेरिकेंतील ज्या गांवच्या रोग्यांत तो १९४८ च्या सुमारास सांपडला, त्या गांवाचेंच नांव त्यास मिळालें. इन्फ्लुएंझा व कोरोना हेही त्याच पंक्तींतले.

डेंग्यूचा आणखी एक डाव आहे. ताप उतरतो त्याच सुमारास रक्तांतील पाणी सूक्ष्म वाहिन्यांतून पाझरूं लागतें, व हृदयास पुढें ढकलावयास रक्तच अपुरें पडतें. दोन-तीन दिवसांनीं तेंच पाणी परत येतें. अशा वेळीं 'ताकद यावी' म्हणून सलाईनच्या बाटल्या चढविण्याचा हट्ट घरच्यांनीं धरूं नये. थकलेल्या हृदयावर तो भार होतो. ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन याही गोळ्या डेंग्यूंत आपल्या मनानें देऊं नयेत, रक्तस्त्रावाचें भय असतें. आजोबांस हृदयविकारासाठीं ॲस्पिरिन रोजचीच असेल, तर ती चालवावी कीं थांबवावी हें डॉक्टरांसच विचारावें.

वृद्धांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांत आधींच चरबीचे थर असतात. साध्या इन्फ्लुएंझानेंही शरीरभर जो दाह उठतो त्यानें असा थर फुटतो, रक्त गोठतें, आणि झटका येतो. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत झालेली एक पाहणी २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. इन्फ्लुएंझाचें निदान झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत अशा झटक्याचें प्रमाण एरवींच्या सुमारें सहापट आढळलें. इन्फ्लुएंझाची लस दरवर्षीं घ्यावी असें डॉक्टर ज्येष्ठांस सांगतात, तें केवळ सर्दी-पडशासाठीं नव्हे. १९१८ च्या जूनमध्यें ही सांथ मुंबईंत शिरली आणि ६ ऑक्टोबरच्या एका दिवसांत शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. तेव्हां अंधेरी-घाटकोपर हीं शहराबाहेरचीं गांवें होतीं, आणि माणसांतील इन्फ्लुएंझाचा विषाणु प्रथम सांपडला तो १९३३ सालीं. हृदयानें किती बळी घेतले तें त्या वेळीं कोण मोजणार!

आज उपनगरांत इमारतींस इमारत लागून आहे. डेंग्यूचा डांस गटारापेक्षां स्वच्छ पाण्यांत सुखानें वाढतो: गॅलरींतील कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागची तबकडी, गच्चीवरचीं पिंपें. शिवाय तो दिवसां चावतो, म्हणजे रात्रीच्या मच्छरदाणीनें काम भागत नाहीं.

तापानंतर पंधरा दिवस तरी घरांतील कोणीं एकानें रोग्याची नाडी रोज मोजावी. थोड्या चालण्यानें धाप लागणें, छातींत दुखणें, धडधड, पायांस सूज, घेरी, यांपैकीं कांहीं दिसल्यास 'अशक्तपणा' हा शब्द न उच्चारतां डॉक्टरांकडे जावें. विषाणूवर ॲन्टिबायोटिकचा उपयोग नाहीं, म्हणून उरलेल्या गोळ्यांचा डबा उघडूं नये. हृदयास सूज ठरल्यास तीन ते सहा महिने धांवणें, जड उचलणें व व्यायामशाळा वर्ज्य असते. तरुणांस हें फार जड जातें, पण दुखावलेल्या स्नायूवर श्रम लादले तर हृदयाचा ताल बिघडून प्राणावर बेतूं शकतें.

आमच्या सूनबाईंचा इको तीन महिन्यांनीं निर्दोष आला. मधल्या काळांत सकाळच्या पोळ्या आमचे थोरले चिरंजीव लाटीत असत. त्या गोल होत नसत, परंतु जेवतांना कोणीं तक्रार केली नाहीं.