फोच्या देशातले पाकीट

हनोईचे वार्तापत्र

वादळाचा इशारा झाला की हनोईच्या दुकानांतून सगळ्यात आधी संपतात ती इन्स्टंट नूडल्सची पाकिटे. मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या, टॉर्चचे सेल यांचा नंबर नंतर. सप्टेंबर 2024मध्ये ‘यागी’ हे चक्रीवादळ उत्तर किनाऱ्यावर धडकले, तेव्हा आदल्या दिवशीच सुपरमार्केटांतल्या नूडल्सच्या मांडण्या रिकाम्या झाल्या होत्या. पुढे डोंगराळ प्रांतांत पूर आला. देशभरातून मदतीचे ट्रक तिकडे निघाले, त्यांतही याच पाकिटांची खोकी रचलेली होती. संकटात काय साठवायचे आणि संकटात सापडलेल्याला काय पाठवायचे, या दोन्ही प्रश्नांना इथे एकच उत्तर आहे.

एरवीही वेगळे चित्र नाही. जागतिक इन्स्टंट नूडल्स संघटनेच्या आकड्यांनुसार 2023मध्ये भारतात 868 कोटी पाकिटे खपली, व्हिएतनाममध्ये 813 कोटी. आकडे जवळजवळ सारखे, पण आपण 140 कोटी आणि हे 10 कोटी. आपल्याकडे माणशी वर्षाला सहा पाकिटे होतात, इथे ऐंशीच्या वर. 2021मध्ये टाळेबंदीने माणसे घरात कोंडली गेली, त्या वर्षी व्हिएतनामने दरडोई खपात दक्षिण कोरियाला मागे टाकले आणि पहिला क्रमांक घेतला. तो अजून सोडलेला नाही.

बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते, कारण व्हिएतनामची जगभरातली ओळख म्हणजे फो. तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे पातळ काप आणि तासन्‌तास उकळलेला नितळ रस्सा. बैलाची हाडे आठ-आठ तास मंद आचेवर ठेवायची, आले आणि कांदा निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजून त्यात सोडायचे, मग चक्रफूल, दालचिनी आणि मोठी वेलची. (आपल्या मसाल्याच्या डब्यातले चक्रफूल बहुधा इथलेच. चिनी सीमेलगतचा लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि भारत हे त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे.) हनोईचा फो आणि नाम दिन्हचा फो, दोघांनाही 2024मध्ये सरकारने राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. एवढा वेळ खाणाऱ्या पदार्थाचा एवढा अभिमान बाळगणारी माणसे तीन मिनिटांच्या पाकिटावर इतकी कशी काय विसंबतात?

उत्तर माझ्या घरमालकीणबाईंनी भाजी निवडता निवडता दिले. फो घरी का करत नाही, असे मी विचारले होते. त्या म्हणाल्या, “हाडं आठ तास उकळायची आणि खाणारी तोंडं तीन? कोपऱ्यावर मिळतो की!”

या उत्तरात या देशाची सगळी स्वयंपाकव्यवस्था आली. इथे उत्तम फो ही घरची चीज नाही, दुकानाची आहे. ते दुकान दुसरे काहीही विकत नाही. कुटुंबातल्या एक-दोन पिढ्या पहाटे उठून तेच एक पातेले चढवतात, आणि गिऱ्हाईक सकाळी कामावर जाताना प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून वाटी संपवते. बात दान रस्त्यावरच्या जुन्या दुकानापुढे अजून लोक रांग लावतात, पैसे आधी देतात आणि वाटी स्वतः उचलून नेतात. तासांचे काम गल्लीने वाटून घेतले आहे. घराकडे उरते ते मिनिटांचे काम. रात्री अकराला फुटबॉलचा सामना बघताना, मुले शाळेतून शिकवणीला जाण्याआधीच्या अर्ध्या तासात, पगाराआधीच्या आठवड्यात. तिथे पाकीट येते. फो आणि पाकीट यांच्यात भांडण नाही, दोघांच्या वेळा आणि जागा ठरलेल्या आहेत.

पैशांचा हिशेबही साधा आहे. साधे पाकीट साडेचार हजार दोंगच्या आसपास, म्हणजे पंधरा रुपये. हनोईत फोची वाटी पन्नास हजार दोंगला, कुठे त्याहून जास्त. दहापटीहून अधिक अंतर.

पण पाकीट फोडले, पाणी ओतले आणि खाल्ले, असे घरी क्वचितच होते. बऱ्याच घरांत नूडल्स आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि ते तेलकट पाणी फेकून देतात. दुसऱ्या पाण्यात मसाला घालतात, तोही पुष्कळदा अर्धाच. त्यात एक अंडे फोडायचे, मूठभर पालेभाजी टाकायची. बीफ असेल तर कच्चे पातळ काप वाटीच्या तळाशी ठेवून वरून उकळता रस्सा ओततात, त्या कढाने ते शिजतात. मग कांद्याची पात, मोड काढून बोटभर लांब वाढवलेले मूग, ताजी मिरची, आणि लिंबाऐवजी सुपारीएवढी आंबट संत्री पिळायची. सगळे मिळून दहा मिनिटे. पाकिटातून येते ते पीठ आणि मीठ, जेवण होते ते बाजारातून आणलेल्या जुडीमुळे. इथल्या भाजीबाजारात पालेभाज्या आणि सुगंधी पाला पहाटेच येतो आणि जुडी काही हजार दोंगला मिळते, म्हणून हे रोज परवडते.

बाहेरही पाकिटाला कमीपणा नाही. याच नूडल्स बीफ आणि पालेभाजीबरोबर मोठ्या आचेवर परतून रात्रीच्या टपऱ्यांवर विकतात. टेबलाच्या मधोमध शेगडी ठेवून मंडळी ‘लाऊ’ खायला बसली, की शेवटी उरलेल्या रश्श्यात नूडल्स सोडण्याचा रिवाज आहे. हनोई ते हो चि मिन्ह शहर हा रेल्वेप्रवास 1726 किलोमीटरचा, तीस तासांहून जास्त. डब्यात गरम पाण्याची सोय असते आणि जेवणवेळेला सगळ्या डब्याला कोळंबी-मसाल्याचा वास येतो.

हे सगळे फार जुने नाही. इन्स्टंट नूडल्स 1958मध्ये जपानात मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या. व्हिएतनाम भाताचा देश, गहू इथे जवळपास पिकतच नाही. दक्षिणेत गव्हाचे पीठ मुबलक झाले ते युद्धाच्या काळात अमेरिकी मदतीतून, ज्या पीएल 480 कायद्याखाली आपल्याकडे लाल गहू आला त्याच कायद्याखाली. सायगावात, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहरात, 1963मध्ये विफॉन ही कंपनी निघाली. 1975मध्ये दक्षिणेचा पाडाव झाला, कारखाने सरकारजमा झाले आणि यंत्रे चालू राहिली. साध्या तपकिरी कागदातल्या, वर दोन कोळंब्या छापलेल्या ‘मिलिकेट’ची पाकिटे त्या काळाची खूण आहेत. तोच कागद आणि त्याच कोळंब्या आजही दुकानात दिसतात. उत्तरेत तर कुठल्याही चवीच्या पाकिटाला लोक ‘कोळंबी नूडल्स’च म्हणतात.

मधली वर्षे कुपनांची होती. तांदूळ, मांस, साखर, सगळे शिधापत्रिकेवर. त्याआधी, 1960च्या दशकात, हनोईच्या सरकारी दुकानांत मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळू लागला होता. वरून अमेरिकेची विनावैमानिक टेहळणी विमाने फिरत होती, म्हणून हनोईकरांनी त्या वाटीचे नाव ‘विनावैमानिक फो’ ठेवले. आज नुसत्या पाण्यातल्या, अंडेही न घातलेल्या नूडल्सना विद्यार्थी हेच विशेषण लावतात. आज स्वस्तातले मानले जाणारे पाकीट त्या टंचाईत चैन होती. आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून ते जपून ठेवले जाई, असे साठी उलटलेली माणसे सांगतात.

डिसेंबर 1986मध्ये कम्युनिस्ट पक्षाने ‘दोई मोई’ हे आर्थिक सुधारणांचे धोरण स्वीकारले आणि चित्र पालटले. 1993मध्ये जपानची एसकुक कंपनी विफॉनशी भागीदारी करून आली. 2000मध्ये तिने ‘हाओ हाओ’ काढले: गुलाबी पाकीट, आंबट-तिखट कोळंबीची चव, बेताची किंमत. आज गावातल्या वाण्याकडे दुसरे काही नसले तरी हे असतेच. पुढे जपानी कंपनी स्वतंत्र झाली, आणि मासान या देशी उद्योगाने ‘ओमाची’ आणि ‘कोकोमी’ आणून तिला टक्कर दिली.

या पाकिटांतून देशाचे बडे भांडवलदारही उभे राहिले. सोव्हिएत गटातल्या देशांत व्हिएतनामने हजारो विद्यार्थी आणि कामगार पाठवले होते. ती व्यवस्था कोसळल्यावर त्यांतले काही जण व्यापारात पडले. मॉस्कोत भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या फाम न्यत वुओंग यांनी युक्रेनमधल्या खारकिव्ह शहरात 1993मध्ये नूडल्सचा धंदा सुरू केला. त्यांचा ‘मिविना’ हा ब्रँड इतका चालला, की युक्रेनी माणूस कुठल्याही इन्स्टंट नूडल्सना मिविनाच म्हणू लागला. तो कारखाना पुढे नेस्लेने विकत घेतला. वुओंग मायदेशी परतले, हॉटेले आणि इमारती बांधल्या, ‘विनग्रुप’ उभा केला, आणि 2013मध्ये फोर्ब्जच्या यादीतले पहिले व्हिएतनामी अब्जाधीश ठरले. मासानचे न्गुयेन दांग क्वांग यांचीही सुरुवात रशियातच, नूडल्स विकूनच झाली. वुओंग यांच्या ‘विनफास्ट’ने ऑगस्ट 2025मध्ये तामिळनाडूत तुतिकोरिनला विजेवरच्या मोटारींचा कारखाना सुरू केला. त्या भांडवलाचा उगम शोधत गेले तर तो खारकिव्हच्या नूडल्सपर्यंत पोहोचतो.

मग फोचे पाकीट मिळत नाही का? मिळते, पण ते वेगळे प्रकरण आहे. गव्हाच्या नूडल्स वाफवून पामतेलात तळतात. तळताना पाणी निघून जाते आणि बारीक छिद्रे पडतात, म्हणून त्या चटकन भिजतात. फोच्या शेवया तळलेल्या नसतात. भिजवलेले तांदूळ वाटून ते पीठ पातळ पसरायचे, वाफवायचे, सोलून काढायचे आणि वाळवायचे. आपल्या सालपापड्यांचीच रीत, फक्त पुढे पट्ट्या कापायच्या आणि उन्हाऐवजी गरम हवा वापरायची. वाटीत टाकून उकळते पाणी ओतले आणि तीन मिनिटे झाकण ठेवले की झाले. सोबत मसाल्याची, तेलाची आणि वाळलेल्या पातीची पुडी असते. महागड्या प्रकारांत शिजवलेल्या मांसाचीही पुडी येते. शेवया बऱ्या निघतात. रस्सा मात्र हाडांचा नसतो, हाडांची आठवण करून देणारा असतो. कोपऱ्यावर खरा फो मिळत असताना हनोईकराला त्याचे अप्रूप कमी, पण पोलंडमध्ये किंवा अमेरिकेत राहणाऱ्या व्हिएतनामी घरांत त्याला मान आहे. तिथे कोपऱ्यावर दुकान नाही.

पाकिटाचे दोष इथल्या लोकांना ठाऊक आहेत. मीठ हा त्यांतला सर्वांत मोठा. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हिएतनामी माणूस आठच्या आसपास खातो, कारण मत्स्यसॉस आधीच प्रत्येक पदार्थात आहे. ऑगस्ट 2021मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने इथिलीन ऑक्साइड आढळले म्हणून इथल्या काही नूडल्स परत मागवल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. 2024मध्ये याच रसायनावरून काही भारतीय मसाल्यांची विक्री हाँगकाँग आणि सिंगापूरने थांबवली होती. चर्चा ओसरली, खप राहिला.

माझे मत विचाराल तर, पाकिटाने व्हिएतनामी स्वयंपाक बिघडवलेला नाही, कारण व्हिएतनामी माणसाने त्याला स्वयंपाकाच्या जागी बसवलेच नाही. त्याने ते कच्चा माल म्हणून घेतले. भाजीबाजार जवळ आणि स्वस्त आहे तोवर हे चालेल. ज्या घरात नुसते पाकीट उरेल आणि जुडी जाईल, तिथे तक्रारीला जागा आहे, मग ते घर हनोईत असो की पुण्यात.

2024मध्ये भारतातून पाच लाख पर्यटक इकडे आले, त्यांत मराठी माणूस भरपूर होता. शाकाहारींनी एवढे लक्षात ठेवावे: भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असतो, इथे नसतो. ‘चाय’ हा शब्द शोधावा, रोमन अक्षरांत सी-एच-ए-वाय. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला इथले बौद्ध लोक शाकाहार करतात, त्यामुळे अशी पाकिटे सर्वत्र मिळतात. नुसते मांसाचे चित्र नाही म्हणून घेऊ नये, कोळंबी किंवा मत्स्यसॉस पुडीत असू शकतो. घरी नेलेत तर मसाला अर्धाच घाला, वरून लिंबू पिळा, कोथिंबीर आणि मोडाचे मूग सढळ हाताने टाका. आणि जे मांसाहारी आहेत, त्यांनी हनोईत असताना पाकिटाच्या वाटेला जाऊ नये. सकाळी आठच्या आत फोचे दुकान गाठावे.