‘अप्सरा’तला निळा प्रकाश उलटा फिरला तर?

भारताची पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बे इथं सुरू झाली. भट्टी पाण्याच्या टाकीत, आणि त्या पाण्यात निळा उजेड! हा उजेड आगीचा नाही.

पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात मात्र सव्वादोन लाखच. भट्टीमुळे पाण्यात सुटणारे काही इलेक्ट्रॉन याहून जोरात जातात. यवतमाळच्या बेंबळा धरणात मोटारबोट सुसाट गेली, तर लाटांचा पाचर तयार होतो ना? इथं तसाच प्रकाशाचा शंकू होतो. नाव चेरेन्कोव्ह प्रारण. त्यासाठी १९५८ चं नोबेल मिळालं. हा प्रकाश इलेक्ट्रॉनसोबत तिरका पुढे जातो.

खरी गंमत पुढे आहे. अपवर्तनांक ऋण असलेल्या पदार्थात हाच प्रकाश मागे फेकला जाईल, असं रशियाच्या व्हिक्टर वेसेलागो यांनी १९६० च्या दशकात मांडलं. तेव्हा असा पदार्थच कुणाकडे नव्हता! पुढे २००१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तांब्याच्या बारीक कड्या आणि तारा मांडून तो बनवला गेला, तोही मायक्रोवेव्हपुरता.

फायदा काय? कण पुढे, प्रकाश मागे. म्हणजे प्रकाश टिपणारं यंत्र कणांच्या माऱ्यापासून दूर ठेवता येईल.